खारें पाणी आणि जुनी मोटार

आपल्या स्वयंपाकघरांत मीठ कोणत्या भांड्यांत ठेवलेलें असतें, हें जरा आठवून पाहा. तें चिनी मातीच्या बरणींत असतें, फार तर लांकडी किंवा दगडी भांड्यांत असतें. परंतु पितळेच्या डब्यांत किंवा लोखंडाच्या पिंपांत कोणतीहि शहाणी गृहिणी मीठ ठेवीत नाहीं. लोणच्याची गोष्टहि तीच. मिठाची आणि धातूची संगत बरी नव्हे, हें आपल्या आज्यांना रसायनशास्त्राचें एकहि पुस्तक न वाचतां ठाऊक होतें. जी वस्तु चमचाभर देखील आपण धातूच्या डब्यांत ठेवावयास तयार नसतों, तिच्याच पाण्यांत एखादें सबंध धातूचें यंत्र बुडवून चालविण्याचा प्रसंग आला, तर तें टिकवावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हें यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटार. वर इंजिन, त्याखालीं पाण्यांत जाणारा लांब पाय आणि पायाच्या टोंकाशीं पंखा, अशी तिची रचना असून ती होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवितात. आपल्या किनाऱ्यावरील मासेमारीच्या होड्यांवर ती आपण पाहिली असेल. अशी मोटार बनविण्याचे प्रयत्न आधींहि झाले होते. परंतु तिला खरी बाजारपेठ मिळवून देणाऱ्यांत नॉर्वेंत जन्मलेला आणि अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं कारखाना काढणारा ओल एव्हिनरूड हा अग्रगण्य होय. १९०९ सालीं त्यानें विक्रीस आणलेली मोटार अवघी दीड अश्वशक्तीची आणि ६२ पौंड वजनाची होती. आपल्या प्रियेसाठीं आइस्क्रीम आणावयास तो भर उन्हांत तळ्यांतून वल्हीं मारीत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेलें, आणि त्यांतून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ती कितपत खरी असेल तें असो. पण तें तळें गोड्या पाण्याचें होतें, एवढें आपण ध्यानांत ठेवूं. पुढें हींच यंत्रें समुद्रावर गेलीं, आणि तेथून तीं राखण्याचा प्रश्न निराळा झाला.

आज आपण हा प्रश्न अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरांत जाऊन पाहूं. कारण गोडें आणि खारें, अशीं दोन्हीं पाणीं तेथें एकाच उपसागरांत सांपडतात. हा उपसागर उत्तर-दक्षिण सुमारें ३२० किलोमीटर लांब आहे. उत्तरेच्या टोंकाला सस्क्वेहॅना नदी येऊन मिळते, तेथें पाणी जवळजवळ गोडें असतें. दक्षिणेस तो अटलांटिक महासागराला मिळतो, तेथें पाणी जवळजवळ समुद्राइतकें खारें असतें. हिवाळा आला कीं उत्तरेकडील गोठलेल्या प्रदेशांतून बदकांचे थवे या उथळ पाण्यावर उतरतात, आणि त्यांच्यामागोमाग शिकारी आपल्या होड्या बाहेर काढतात.

ही शिकार तेथें कडक नियमांनीं बांधलेली आहे. १९१८ सालच्या कायद्यानें स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना संरक्षण मिळालें. शिकारीचा काळ आणि पक्ष्यांची संख्या ठरलेली असते. १९३४ पासून शिकाऱ्याला एक खास तिकीटहि विकत घ्यावें लागतें, व त्याचा पैसा पाणथळ जागा राखण्याकडे लावतात. आपल्या देशांत १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा आणि त्यांत १९९१ सालीं झालेली दुरुस्ती यांनंतर अशी हौसेची शिकार करतां येत नाहीं, आणि ती करावी असें सुचविण्याचा माझा हेतु नाहीं. त्या शिकाऱ्याच्या बंदुकीशीं आपल्याला कर्तव्य नाहीं. त्याच्या होडीमागें टांगलेल्या यंत्राशीं आहे.

तेथील एक नियम मात्र आपल्या विषयाशीं जवळचा आहे. मोटारीच्या होडींतून बदकावर गोळी झाडावयाची असेल, तर मोटार पूर्ण बंद केलेली असली पाहिजे, आणि तिच्यामुळें होडीला आलेली गतिहि थांबलेली असली पाहिजे, असें कायदा सांगतो. म्हणजे किनाऱ्यापासून दूर, ऐन थंडींत, मोटार बंद करणें भाग आहे. ती पुन्हां चालू होईल कीं नाहीं, यावरच मग सारें अवलंबून राहतें.

समजा, जानेवारीची पहांट आहे. एक मनुष्य आपल्या वडिलांच्या वेळची मोटार होडीला लावून खाडीच्या मुखाशीं गेला आहे. लांकडी बदकें दोरीला बांधून त्यानें पाण्यावर सोडलीं आहेत आणि मोटार बंद करून तो बसला आहे. दोन तासांनीं वारा वाढतो, ओहोटी लागते, आणि तो परत फिरावयाचें ठरवितो. मोटार चालू होते, पांच मिनिटें चालते, तापते आणि अडकून बसते. ओहोटी आणि वारा त्याला बाहेर ओढूं लागतात. या दिवसांत तेथील पाणी गोठण्याच्या थोडेंच वर असतें. अशा पाण्यांत मनुष्य पडला तर काय होतें, तें लोकांना समजावें म्हणून थंड पाण्यांतील बचावाचे शिक्षक एक, दहा, एक असे तीन आंकडे सांगतात. पहिलें एक मिनिट श्वास आवरण्यांत जातें. पुढचीं सुमारें दहा मिनिटें हातपाय कामाचे राहतात. आणि सुमारें एका तासांत शुद्ध हरपते. तेव्हां ही मोटार म्हणजे केवळ हौसेची वस्तु नव्हे. ती घरीं परत येण्याचें साधन आहे.

आतां प्रश्न असा कीं, ही मोटार बिघडली केव्हां? शिकारी म्हणेल, आज सकाळीं. माझें म्हणणें असें आहे कीं, ती पंधरा दिवसांपूर्वीं बिघडली. मागच्या खेपेहून तो थकून परत आला, मोटार तशीच छपराखालीं उभी केली आणि शेकोटीपाशीं जाऊन बसला, तेव्हां. खारें पाणी मोटारीचें मोठें नुकसान करतें तें ती समुद्रांत चालत असतांना नव्हे, तर ती घरीं स्वस्थ उभी असतांना. हें कसें, तें समजलें म्हणजे उपाय आपोआप समजतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे सहा-सात चहाचे चमचे भरून मीठ. मोटारीच्या पायांत एक पंप असतो, व त्यांत रबराच्या पात्यांचें लहानसें चक्र फिरत असतें. तें चक्र बाहेरचें पाणी वर ओढतें, तें पाणी सिलिंडरभोंवतीं फिरून इंजिन थंड ठेवतें आणि धुरासह पुन्हां बाहेर जातें. मोटार चालू आहे तोंपर्यंत हें पाणी वाहतें असतें, आणि वाहत्या पाण्यांतून मीठ खालीं बसत नाहीं. परंतु मोटार बंद केली कीं आंत उरलेलें पाणी तापलेल्या धातूवर सुकूं लागतें आणि मिठाचा पापुद्रा मागें राहतो. दुसऱ्या खेपेला त्यावर दुसरा पापुद्रा बसतो. अरुंद वाटा हळूहळू बुजतात. पाण्याची उष्णता राखणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, जागच्या जागीं चिकटून बसते. आणि एके दिवशीं पाणी पुरेसें वर न आल्यामुळें इंजिन तापून अडकतें.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. १८०० सालीं व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानें दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या घेऊन त्यांमध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले तुकडे ठेवले, आणि त्या चळतींतून विजेचा सतत प्रवाह मिळविला. आपल्या विजेरींतील बॅटरीची ही पहिली आवृत्ति. आतां मोटारीकडे पाहा. तिचें अंग अॅल्युमिनियमचें, पंख्याचा दांडा पोलादाचा, कांहीं भाग पितळेचे किंवा काशाचे, आणि भोंवतीं मिठाचें पाणी! न कळत आपण व्होल्टाची चळतच समुद्रांत टांगलेली असते. अशा जोडींत जो धातु अधिक चंचल, तो विरघळत जातो; आणि येथें तो मान अॅल्युमिनियमला, म्हणजे मोटारीच्या अंगालाच मिळतो.

यावरचा उपायहि जुनाच आहे. १८२४ सालीं इंग्लंडांत सर हंफ्री डेव्ही यांनीं असें दाखविलें कीं, जहाजाच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, तर समुद्राचें पाणी ते तुकडे खातें आणि तांबें वाचतें. त्यांत एक गंमत झाली. तांबें विरघळेनासें झाल्यावर शेवाळाला व शिंपल्यांना होणारी विषबाधाहि थांबली, आणि जहाजाचे तळ त्यांनीं भरून गेले! परंतु तत्त्व खरें ठरलें. आपल्या घरची जस्ती बादली हें त्याचेंच उदाहरण आहे. तिच्यावर बारीक ओरखडा पडला तरी तेथें लोखंड लगेच गंजत नाहीं. कारण भोंवतालचें जस्त आपण झिजून त्याला सांभाळतें. मोटारीच्या पायावर बसविलेला करड्या रंगाचा लहानसा ठोकळा हेंच काम करतो.

तिसरा प्रकार आपल्या गृहिणींच्या रोजच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटतें. समुद्राच्या मिठांतील कांहीं क्षार हवेंतील ओलावा ओढून घेतात, त्याचा हा परिणाम. मोटार चालतांना उडणारे तुषार झाकणाखालीं, तारांच्या सांध्यांत, स्क्रूंच्या आट्यांत जाऊन बसतात. ती घरीं आणल्यावर वरवर कोरडी दिसते. परंतु आंतलें मीठ हवेंतून पाणी ओढीत राहतें, आणि रात्रंदिवस झीज चालूच राहते. समुद्रावर मोटार दिवसांतून चार तास असते. छपराखालीं ती उरलेले वीस तास असते. म्हणूनच मीं म्हटलें कीं, नुकसान घरीं होतें.

तेव्हां उपायांची मुख्य वेळ ती, परत आल्यानंतरचा पहिला अर्धा तास. बोटें गारठलेलीं असतात, भूक लागलेली असते, आणि नेमकें याच वेळीं काम करावयाचें असतें. पहिलें काम, इंजिनाच्या पोटांतून गोडें पाणी फिरविणें. नव्या मोटारींना नळी जोडण्याची सोय असते. जुन्यांना बहुधा नसते. त्यांच्यासाठीं मोठें पिंप हाच सरळ मार्ग. पिंपांत गोडें पाणी इतकें भरावें कीं पाणी ओढणारीं छिद्रें व पंप पूर्ण बुडून राहतील. मग मोटार मंद गतीनें दहा-पंधरा मिनिटें चालवावी. दोन मिनिटांत काम आटोपूं नये. इंजिन चांगलें गरम झाल्याशिवाय थर्मोस्टॅटची झडप उघडत नाहीं, आणि झडप उघडल्याशिवाय गोडें पाणी वरच्या वाटांपर्यंत पोंचत नाहीं. हें काम उघड्या हवेंत करावें. बंद खोलींत धुराचा विषारी वायु प्राण घेतो. आणि पाण्याशिवाय मोटार क्षणभरहि चालवूं नये. कारण पंपांतील रबरी चक्राला पाण्याचेंच वंगण असतें, कोरडें फिरलें तर तें थोडक्या वेळांत जळतें.

दुसरें काम, बाहेरून धुणें. पाय, पंखा, होडीला अडकविण्याचे स्क्रू यांवरून भरपूर गोडें पाणी सोडावें. झाकणाखालीं मात्र पाण्याचा झोत मारूं नये. तेथें गोड्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें पुसून घ्यावें, वाळूं द्यावें आणि ओलावा हटविणाऱ्या तेलाचा पातळ हात फिरवावा. हलणाऱ्या सांध्यांना ग्रीस द्यावें. अॅल्युमिनियमच्या अंगांत पोलादी स्क्रू वर्षानुवर्षें न हलवितां राहिले, तर ते जणूं एकजीव होतात. म्हणून हंगामांत एकदां ते काढून, आट्यांना ग्रीस लावून पुन्हां बसवावेत. जुन्या मोटारीच्या बाबतींत ही काळजी दुप्पट घ्यावयास हवी. एक तुटलेला स्क्रू सबंध भाग निकामी करतो, आणि जुने भाग मिळविणें दिवसेंदिवस कठीण होत आहे. खुद्द एव्हिनरूडच्या नांवाच्या मोटारींचें उत्पादनहि २०२० सालीं थांबलें.

तिसरें काम थंड देशापुरतें आहे, पण तेथें तें टाळतां येत नाहीं. धुतल्यावर मोटार उभी ठेवावी, म्हणजे आंतलें पाणी निथळून जाईल. पाणी गोठलें कीं फुगतें, आणि आंत कोंडलेलें थोडेंसें पाणीहि धातूला तडा पाडूं शकतें. यासाठींच पायांतील गिअरचें तेल अधूनमधून तपासावें. तें दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर आंत पाणी शिरत आहे असें समजावें. पंख्याच्या दांड्यावर बारीक दोरी गुंडाळली जाऊन रबरी सील कापलें जाणें, हें त्याचें एक नेहमींचें कारण. आणि लांकडी बदकांच्या दोऱ्या पाण्यांत सोडणाऱ्याला ही भीति सदाच असते.

आतां त्या झिजणाऱ्या ठोकळ्याविषयीं. येथें चेसापीकचा शिकारी हमखास फसतो. त्याची जुनी मोटार नदीवर वाढलेली असते, आणि गोड्या पाण्यासाठीं तिला मॅग्नेशियमचा ठोकळा लावलेला असतो. तो खाऱ्या पाण्यांत फारच झपाट्यानें संपून जातो. उलट जस्ताचा ठोकळा खाऱ्या पाण्यांत उत्तम काम करतो, पण गोड्या पाण्यांत त्यावर थर जमून तो निष्क्रिय होतो. नदी आणि समुद्र दोन्हींकडे जाणाऱ्यानें याच कामासाठीं बनविलेल्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ठोकळा लावावा. तो अर्धा झिजला कीं बदलावा. त्याला रंग कधींहि देऊं नये, आणि बसवितांना त्याखालची जागा घांसून स्वच्छ करावी. कारण धातूला धातु भिडला नाहीं, तर ठोकळा असून नसल्यासारखा. मोटारीच्या अंगावर जेथें रंग उडाला असेल तेथें मात्र तो लावावा. परंतु शेवाळ बसूं नये म्हणून विकतात तो तांब्याचा रंग अॅल्युमिनियमला लावूं नये. तो लावणें म्हणजे व्होल्टाची चळत आपल्या हातांनीं रचणें.

निघण्यापूर्वींची तपासणी थोडक्यांत सांगतों. पंपांतील रबरी चक्राचीं पातीं ताठरलीं किंवा वांकलीं असतील तर तें हंगामापूर्वींच बदलावें. मोटार चालू केल्यावर थंडाव्याचें पाणी बाहेर पडत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. अनेक मोटारींना त्यासाठीं एक बारीक धार दिलेली असते. ती मंदावली तर तत्काळ थांबून पाहावें, कारण उथळ पाण्यांत चिखल व पाणगवत छिद्रांत अडकतें. पुष्कळ जुन्या मोटारींच्या पंख्यांत एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडावर आपटला कीं ती स्वतः तुटून गिअर वांचविते. अशा दोन पिना, पक्कड आणि जादा प्लग खिशांत असावेत. आणि मोटार कितीहि भरंवशाची असली तरी होडींत वल्हीं असावींत व अंगांत तरंगतें जाकीट असावें.

कधीं मोटार निसटून खाऱ्या पाण्यांत बुडाली, तर एक चूक पुष्कळांच्या हातून घडते. ते ती वर काढून उन्हांत वाळत ठेवतात. मीठ, ओलावा आणि हवा हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं आंतील पोलादाचा नाश तासांच्या हिशेबानें होतो. कारागीर लगेच मिळण्यासारखा नसेल, तर ती गोड्या पाण्याच्या पिंपांत बुडवून ठेवावी. हें ऐकावयास विपरीत वाटतें, पण पाण्याखालीं हवा फारशी पोंचत नाहीं. कारागीर मिळाला कीं प्लग काढून पाणी निथळावें, आंत तेल सोडावें आणि त्याच दिवशीं ती चालू करून घ्यावी.

श्रोतेहो, चेसापीकची थंडी आपल्याकडे नाहीं. पण मीठ तेंच आहे, आणि पाणी ऊन असलें कीं झीज मंदावत नाहीं, उलट वाढते. कोंकणांत ज्या कुटुंबाचें पोट एका आउटबोर्डवर चालतें, त्याला शिकाऱ्याहून या गोष्टींची गरज अधिक. कित्येक बंदरांवर वैशाखांत पिण्याच्या पाण्याचीच वाण असते. तेथें मोटारीसाठीं पिंपभर गोडें पाणी राखून ठेवणें हा चैनीचा प्रकार वाटेल. परंतु तेंच पिंप पुढच्या भरतीला बाहेर गेलेल्या माणसाला परत आणीत असतें. ज्यांचे आप्त किंवा स्नेही होडी बाळगून आहेत, त्यांनीं त्यांना एवढेंच विचारावें: परत आल्यावर मोटार धुतां ना? मोठा खर्च नको, नवें यंत्र नको. एक पिंप गोडें पाणी, एक फडकें, थोडें ग्रीस आणि थकलेल्या अंगानें दिलेला अर्धा तास, एवढ्यावर जुनी मोटार पुष्कळ वर्षें चालते.